टेकेपर्यंत बोलायचं नाही

लालबाग,
५ जानेवारी १९५८

श्यामकांतराव, नमस्कार.

तुम्ही दादरला, मी लालबागला. मधे ट्रामनं जेमतेम एक डुलकी होते. आपण साडू, महिन्यातून दोनदा एका पंगतीला बसतो. तरी पत्र लिहितोय, कारण परवा तुमच्याकडे जेवताना मी म्हटलं, "तुमच्या गोदामातून माझ्या बरण्या फुटून येतात," तर तुम्ही ताकाची वाटी खाली ठेवून म्हणालात, "तक्रार लेखी द्या." तुमची वासंती हसली, माझी अंबिका हसली. मी हसलो नाही. ही घ्या लेखी.

माझा माल चिनी मातीच्या बरण्यांचा. सौराष्ट्रातून अहमदाबादमार्गे रेल्वेनं येतो, तुमच्या कंपनीच्या कॉटन ग्रीनच्या गोदामात उतरतो आणि तिथून माझा रामू हातगाडीवर दुकानात आणतो. दिवाळीपर्यंत तक्रार नव्हती. दिवाळीनंतर खोकं बाहेरून बघावं तर बोहल्यावरच्या नवऱ्यासारखं नीटनेटकं. खिळा हललेला नाही, फळी चिरलेली नाही. उघडलं की एका कोपऱ्यातल्या बरण्यांचे गळे तुटलेले. बाकीच्या तीन कोपऱ्यांत सगळं खुशाल.

आधी मला रामूचा संशय आला. म्हणून गेल्या खेपेला मी स्वतः खोक्यांवर बसून कॉटन ग्रीनहून लालबागपर्यंत आलो. वाटेत पोरांनी टाळ्या वाजवल्या. गाडी हलली, मी हललो, बरण्या वाजल्या नाहीत. तरी दुकानात उघडलं तर एक कोपरा फुटलेलाच. म्हणजे त्या निघतानाच फुटलेल्या होत्या.

होळी झाली की इथं डंकांवर बायका मिरच्या घेऊन रांगा लावतात. मसाला कुटून झाला की बरणी, मग लोणच्याची बरणी. माझं वर्ष त्या दोन महिन्यांत असतं. तोवर गळ्यासकट बरण्या हव्यात. गळा नसलेल्या बरणीला आमच्याकडे कुंडी म्हणतात, आणि लालबागच्या चाळीत कुंडी ठेवायला जागा नाही.

तुमचा,
गुणाजी परब


कॉटन ग्रीन,
८ जानेवारी १९५८

ती. गुणाजीराव यांस श्यामकांतचा नमस्कार.

आपली तक्रार मिळाली व आवक वहीत नोंदली. गोदामाचा व्यवस्थापक या नात्याने मी पुढील गोष्टी तातडीने केल्या आहेत. आपल्या खोक्यांची थप्पी आता चार खोक्यांच्या वर चढवली जात नाही. पोती ओढण्याचे लोखंडी आकडे हमालांनी आपल्या मालाजवळ आणू नयेत अशी सक्त ताकीद दिली आहे. खोक्यांतील गवत दबले असल्यास नवीन भरण्यास गोदामातील झाडलोट करणाऱ्या रखमाबाईंना सांगितले आहे. फरशीवर एक खळगा होता, तो सिमेंटने बुजवला.

याशिवाय प्रत्येक खोक्यावर काळ्या रंगाने पायवाल्या काचेच्या पेल्याचे चित्र काढून घेतले आहे. नाजूक मालाची ही खूण जगभर चालते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती कळते. पुढील खेपेस आपणांस फरक दिसेल.

सौ. अंबिकाताईंस नमस्कार.

आपला,
श्यामकांत तावडे


लालबाग,
२२ जानेवारी १९५८

श्यामकांतराव,

फरक दिसला.

जगभर चालत असेल तुमची खूण. ही दारूबंदीची मुंबई आहे. इथं खोक्यावर पायवाल्या पेल्याचं चित्र काढलं तर माणूस काय समजेल, हे बी. ए.ला शिकवत नाहीत काय? रामू सांगतो, तुमच्या टोळीतल्या प्रत्येकानं खोक्याला कान लावून, हलवून पाहिलं, आत काही डुचमळतंय का. परळच्या नाक्यावर हवालदारानं गाडी अडवली. फटीतून दांडकं घालून ढवळलं, वाकून वास घेतला. गवताचा वास आला तेव्हा त्याला फसवल्याचा राग आला, म्हणून दुसरं खोकं ढवळलं. आता त्या दोन खोक्यांत चारही कोपरे सारखे आहेत. पेला पुसून टाका.

बाकीच्या खोक्यांचं रडगाणं तेच. कधी हा कोपरा, कधी तो, पण एका खोक्यात एकच. तुमच्या थप्पीनं, आकड्यानं, खळग्यानं असं नेमकं फुटत नाही. चौघं जण खोकं उचलतात. चौघांतल्या एकाचा हात मधेच सुटतो आणि त्याचा कोपरा आदळतो, एवढं मला दुकानात बसून कळतं.

पण शामराव मुकादमाची टोळी मी ओळखतो. वरळीच्या बीडीडी चाळीतली माणसं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या बशीला ओरखडा येऊ दिला नाही. मग दिवाळीपासून बदललं काय? तुम्ही रोज तिथं उभे असता. मला सिमेंटचं सांगू नका, माणसांचं सांगा.

गुणाजी


कॉटन ग्रीन,
२७ जानेवारी १९५८

ती. गुणाजीराव यांस नमस्कार.

पेले पुसले.

एक अप्रिय गोष्ट कळवतो. लेखी तक्रार मुख्य कचेरीत पाठवावी असा कंपनीचा नियम आहे. आपली दोन्ही पत्रे मी नियमाप्रमाणे फोर्टमध्ये पाठवली. त्यांचे उत्तर आज आले. गुढीपाडव्यापर्यंत फूट थांबली नाही तर शामरावांची सगळी टोळी काढून नवीन माणसे घ्यावीत आणि माझी बदली अहमदाबादच्या गोदामात करावी, असे शेठजींनी ठरवले आहे. उर्मिला यंदा मॅट्रिकला आहे. वासंतीला मी अद्याप सांगितलेले नाही.

टोळीत विशेष काही बदल नाही. शामरावांचा घसा मात्र मागच्या निवडणुकीत समितीचा प्रचार करताना बसला, तो पुरता उठला नाही. दसऱ्यानंतर डॉक्टरांनी मोठ्याने बोलणेच बंद केले. पण त्याचा बरण्यांशी संबंध असेल असे वाटत नाही. मी कारण शोधतो आहे.

यापुढे कृपया तक्रार लेखी देऊ नये.

आपला,
श्यामकांत


दादर,
३ फेब्रुवारी १९५८

भावोजींना वासंतीचा नमस्कार.

ताईजवळ तोंडी निरोप दिला असता, पण ती मग चाळभर सांगेल. इकडचा घसा दिवाळीपासून पार गेलाय. संध्याकाळी घरी येणं होतं ते घोगऱ्या आवाजात. मी मिठाच्या गुळण्या देते, ज्येष्ठमध देते. सकाळी बरा होतो, संध्याकाळी पुन्हा तेच. विचारलं तर "गोदामात धूळ फार."

मला वाटतं, हमालांशी रोज भांडण होत असावं. घरात ज्यानं कधी मोलकरणीवर आवाज चढवला नाही, तो माणूस दिवसभर कुणावर ओरडत असेल? परवा झोपेतही काहीतरी पुटपुटणं चाललं होतं, शेवटी "पाहिजे, पाहिजे" एवढंच कळलं. काय पाहिजे ते सकाळी विचारलं, तर चहा पाहिजे म्हणाले.

तुमचं तिथं जाणं-येणं आहे. एकदा न सांगता जाऊन बघाल का? माझं नाव सांगू नका.

वासंती


लालबाग,
१० फेब्रुवारी १९५८

श्यामकांतराव,

काल दुपारी तुमच्या फाटकासमोरच्या पानवाल्याच्या बाकड्यावर मी तासभर बसलो होतो. तुम्ही मला पाहिलं नाहीत, कारण तुमचं तोंड आतल्या बाजूला होतं आणि ते उघडं होतं.

आधी आतून आवाज आला: "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र." भरदार, खालून उचललेला, मैदानाच्या टोकाला पोचेल असा. मी पानवाल्याला विचारलं, "आत सभा आहे काय?"

"सभा कसली शेठ, माल उतरवतायत."

"मग हे कोण?"

"आमचे तावडे साहेब. थांबा, आता टोळी देईल उत्तर."

टोळीनं दिलं: "झालाच पाहिजे." आणि त्या उत्तराच्या शेपटाला मला एक बारीक 'खळ्ळ' ऐकू आलं. पानवाल्याला आलं नाही. मला आलं, कारण त्या आवाजावर मी पोट भरतो. टिचकी मारून बरणी विकणारा माणूस मी. घोषणेखाली दबलेलाही गळा मला कळतो.

मी उठून फाटकाच्या फटीतून पाहिलं. चौघं खोकं घेऊन चाललेत. तुम्ही ओरडता, ते उत्तर देतात, आणि उत्तर देताना एकाची मूठ वर जाते. सभेतल्यासारखी, थेट खांद्याच्या वर. खोकं तिघांवर येतं, चौथा कोपरा बसतो, मूठ खाली येऊन कोपरा पुन्हा उचलते. मूठ दर वेळी वेगळ्याची. त्या दिवशी ज्याला जास्त राग आला असेल त्याची.

मी एकोणीस वर्षं तुम्हाला ओळखतो. एवढ्या वर्षांत तुमच्या तोंडून ताक वाढा यापलीकडे मोठ्यानं काही ऐकलं नाही. आणि मला सिमेंटच्या गोष्टी सांगता? तुम्हाला ठाऊक होतं.

घरी तुमचा घसा दुखतो असं कानावर आलं. कुठून आलं ते विचारू नका. गवताची धूळ आहे असं मी उत्तर पाठवलंय. माझ्या नावावर एक खोटं चढवलंत.

गुणाजी


कॉटन ग्रीन,
१२ फेब्रुवारी १९५८

ती. गुणाजीराव यांस,

होय, ठाऊक होते.

शामरावांचा आवाज गेला तेव्हा टोळीला ताल द्यायला कोणी उरले नाही. एकेकाने 'हैशा' म्हणून पाहिले, जमले नाही. एक दिवस जड खोके चौघांच्या हातात अडकले होते. मी दारात उभा होतो. तोंडातून ते शब्द कसे निघाले हे मलाच कळले नाही. खोके फुलासारखे उचलले गेले. शामराव माझ्याकडे पाहून हसले. त्या दिवसापासून तो माझा रोजचा नेम झाला.

छपन्न सालच्या जानेवारीत माझ्या डोक्याला टाके पडले होते, आठवत असेल. आपणच टॅक्सीतून घरी आणले होते. त्या रात्री वासंतीने उर्मिलेच्या डोक्यावर माझा हात ठेवून मला शपथ घातली की पुन्हा रस्त्यावर उतरून ओरडणार नाही. मी ती पाळली. गोदामाला छप्पर आहे, असे मनाशी म्हणत आलो.

कारण कळूनही मी वरती कळवले नाही. शेठजी घोषणांचे नाव काढू देत नाहीत. बरण्या फुटल्या तर टोळी पाडव्याला जाईल. घोषणेमुळे फुटल्या असे कळले तर उद्याच जाईल. काय करावे ते सांगा. या वेळी मी खरोखर विचारतो आहे.

श्यामकांत


लालबाग,
१३ फेब्रुवारी १९५८

श्यामकांतराव,

विचारायला काय हवं? घोषणा बंद करा. मलाही संयुक्त महाराष्ट्र हवा आहे. दुकानाची फळी लावून मीही मोर्च्याला गेलोय. पण मोर्च्यात कुणी माझ्या हातात बरणी दिली नव्हती. कामाच्या वेळी तोंड मिटून काम, एवढं टोळीला सांगा.

गुणाजी


कॉटन ग्रीन,
२० फेब्रुवारी १९५८

ती. गुणाजीराव यांस,

आपल्या सल्ल्याप्रमाणे सांगितले. टोळीने ऐकून घेतले. कोणी वाद घातला नाही, तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

सोमवारपासून गोदामात प्रेतयात्रेसारखी शांतता आहे. एक उचलतो तेव्हा दुसरा वाकतो, तिसरा धोतर सावरतो. 'हैशा' तरी म्हणा, असे मी म्हणालो. शामराव घशातून नुसती हवा काढत म्हणाले, "साहेब, इतके महिने माणसांसारखं काम केलं. आता परत बैल हाकल्यासारखं नका करायला लावू."

काल आपलेच एक खोके चौघांनी चार वेळा उचलले आणि पाचव्या वेळी सोडले. गुणा नावाच्या हमालाचा अंगठा चेचला, म्हणून त्याला दवाखान्यात पाठवले. पूर्वी एक कोपरा फुटत होता. आपल्या सल्ल्याने अख्खे खोके फुटले. रखमाबाई तुकडे गोळा करताना म्हणाल्या, "आधी निदान काहीतरी मागत मागत फुटत होत्या."

मुख्य कचेरीतून विजयकर साहेब पाडव्याआधी पाहणीला येणार आहेत. काल वासंतीला बदलीचे सांगितले. ती रागावली नाही. तिने उर्मिलेच्या शाळेचा दाखला कधी मिळेल एवढेच विचारले. मला ते अधिक लागले.

श्यामकांत


लालबाग,
२२ फेब्रुवारी १९५८

श्यामकांतराव,

त्या गुणाचा अंगठा कसा आहे ते कळवा. रामूबरोबर हळद-चुना पाठवलाय, आणि त्याच्या घरी एक बरणी. अख्खी आहे, मी वाजवून पाहिली.

दोन दिवस मी गिऱ्हाइकांवर खेकसत बसलो. अंबिका म्हणाली, "दुकानात नका जाऊ, तुम्हीच बरण्या फोडाल." मग डोकं ताळ्यावर आलं.

मी चूक केली ती अशी. तुमच्या टोळीला घोषणा सोडायला सांगणं म्हणजे मला भाव सोडायला सांगणं. कुणी सोडत नाही. घोषणेनं बरण्या फुटत नाहीत. खोकं हवेत असताना उत्तर येतं, त्यानं फुटतात. मग उत्तर उशिरा घ्या.

तुम्ही म्हणायचं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र." त्या तालावर चौघांनी उचलायचं. आणि मग गप्प. गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तोंडातून शब्द नाही, उत्तर दाताखाली धरून चालायचं. खोक्याचे चारही कोपरे जमिनीला टेकले, हात मोकळे झाले, की मग "झालाच पाहिजे". तेव्हा एक मूठ काय, दोन्ही हात वर करा, उड्या मारा.

एक अट घाला. एक जरी कोपरा आदळला, तर त्या खेपेला उत्तर नाही. चौघांनी तोंड मिटून परत फिरायचं. बाकी तुम्ही काही करू नका. ज्याच्यामुळे घोषणा बुडेल त्याला उरलेले तिघं बघून घेतील. मुकादमाचा आवाज शाबूत असतानासुद्धा इतकी देखरेख झाली नसेल.

तुम्ही म्हणाल, अर्धी घोषणा देऊन उत्तर एवढा वेळ अडवून कसं धरायचं? दिल्लीनं किती वर्षं धरलंय? तुम्हाला गोदामाची लांबी जड जाते?

गुणाजी


कॉटन ग्रीन,
१५ मार्च १९५८

ती. गुणाजीराव यांस साष्टांग नमस्कार.

गेले तीन आठवडे पत्र लिहिले नाही, कारण दृष्ट लागेल अशी भीती वाटत होती. रामूने सांगितले असेलच. आता सगळे लिहितो.

पहिल्या दिवशी टोळी हसली. पहिले खोके नेताना चौघांचे गाल फुगलेले होते. ठेवताना एकाने घाई केली, कोपरा थडकला. मी हात वर करून थांबवले. उत्तर नाही. चौघे परत फिरले तेव्हा तिघांनी त्या चौथ्याला जे ऐकवले ते पत्रात लिहिण्यासारखे नाही. एकजण म्हणाला, "तुझ्यामुळं मुंबई गेली, कळलं काय?" दुसऱ्या खेपेला त्याने खोके असे टेकवले की खाली झोपलेले मूल असावे. त्यानंतर जे उत्तर निघाले त्याने पत्र्यावरची कबुतरे उडाली.

शामराव आता दाराशी उभे न राहता खोकी उतरवण्याच्या जागी बसतात आणि कोपरे टेकले की मान हलवतात. त्यांची मान हलल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. गुणाचा अंगठा बरा आहे, तो परवापासून कामावर येतो.

काल विजयकर साहेब आले. मुंबईच्या जुन्या घराण्यातले गृहस्थ, काळा कोट, तोंडात सुपारी. वासंतीने सकाळी निघताना मला ज्येष्ठमधाची काडी दिली होती. साहेबांना पाहून मी ती तोंडात धरली आणि गप्प उभा राहिलो. टोळी वाकली. चौघे माझ्याकडे पाहत होते. शामराव पाहत होते. मी गप्प राहिलो असतो तर खोके पडले असते, आणि बोललो असतो तर मी पडलो असतो. मी काडी खिशात ठेवली आणि बोललो.

साहेबांनी सुपारी चघळणे थांबवले. खोके टेकले, उत्तर आले. त्यांनी ते खोके तिथेच उघडायला लावले, मग दुसरे, मग आणखी काही. एकही बरणी फुटलेली नव्हती. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले,

"तावडे, हे लोक अर्धं वाक्य गिळून चालतात?"

"हो साहेब."

"आणि टेकल्यावर बाहेर काढतात."

"हो साहेब."

"शेठना घोषणा आवडत नाहीत."

"माहीत आहे साहेब."

"फुटका माल त्याहून आवडत नाही." सुपारी पुन्हा चघळत म्हणाले, "अहवालात 'ठरावीक आवाजावर उचल व ठेव' असं लिहितो. कुठला आवाज, ते शेठ विचारणार नाहीत. त्यांनी विचारू नये अशा तऱ्हेनं लिहायला मला चाळीस वर्षं लागलीत."

टोळी राहिली. मीही राहिलो. वासंतीला आज सांगणार आहे, बदलीपुरतेच.

आपला,
श्यामकांत


लालबाग,
१८ एप्रिल १९५८

श्यामकांतराव,

हे काय ऐकतो मी? रामू सांगतो, कचेरीतून हुकूम आलाय: तुमच्या गोदामाची पद्धत उत्तम, सबब तावडे यांनी पावसाळ्यापर्यंत अहमदाबादच्या गोदामात राहून तिथल्या टोळीस ती शिकवावी. म्हणजे बरण्या फुटल्या असत्या तर अहमदाबाद, आणि फुटल्या नाहीत म्हणूनही अहमदाबाद. मग मी एवढं डोकं कशाला खाजवलं?

त्यात वासंती काल आमच्याकडे आली होती. "कुठली पद्धत हो भावोजी, जी यांच्याशिवाय कुणाला शिकवता येत नाही?" असं तिनं विचारलं. मी अंबिकेकडे पाहिलं, अंबिकेनं भिंतीकडे. शेवटी सांगितलं सगळं. तिनं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "गवताची धूळ काय?" मग मला न विचारता माझ्या पुढ्यातलं ताक उचलून आत नेलं. स्वतःच्या घरात मी कोरडा भात खाल्ला.

जाताना दारात थांबून म्हणाली, "तिथं उन्हाळा फार. ज्येष्ठमध जास्त घ्यायला सांगा." म्हणजे माफ केलंय. तुम्हाला. माझं अजून ठरायचंय.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. तिथल्या हमालांकडून तुम्ही संयुक्त महाराष्ट्र वदवून घेणार काय? मार खाऊन याल. आणि माझा सगळा माल त्याच गोदामातून पुढं येतो.

गुणाजी


अहमदाबाद,
७ जून १९५८

ती. गुणाजीराव यांस साष्टांग नमस्कार.

आपली काळजी रास्त होती. इथल्या टोळीचे मुकादम जेठाभाई. पहिल्या दिवशी मी पद्धत समजावली: आवाजावर उचलायचे, टेकेपर्यंत बोलायचे नाही, आदळले तर उत्तर बुडाले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "पण साहेब, आवाज कुठला?"

मी 'हैशा' म्हणालो. जमले नाही. रामनाम काढून पाहिले. तेही जमले नाही, रामाच्या नावाने लोक सावकाश चालतात आणि मधेच थांबतात. दोन आठवडे असेच गेले. आपल्या बरण्यांची दोन खोकी त्यात गेली. त्याबद्दल क्षमस्व. मी इतका वैतागलो की परत येण्याचा अर्ज लिहून खिशात ठेवला.

मग एका दुपारी जेवताना मी जेठाभाईंना सरळ विचारले, "तुमच्या सभांत काय ओरडतात?" त्यांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिले. इथेही गोळीबार झालेला आहे. त्यांच्या शेजाऱ्याचा मुलगा त्यात गेला, हे मला नंतर कळले. म्हणाले, "आम्हाला आमचं महागुजरात पाहिजे. पण तुम्ही मुंबईचे. तुम्ही कशाला ते नाव घ्याल?"

मी म्हणालो, "तुमचं वेगळं झाल्याशिवाय आमचं वेगळं कसं होणार?"

ते हसले नाहीत. हात धुवून आले आणि टोळीला बोलावले. आता ओरडायचे कोणी, यावर थोडा वेळ घोळ झाला. तालात ओरडण्याचा सराव माझाच होता. शेवटी सगळे माझ्याकडे बघत थांबले. समोर आपलेच खोके होते, वर लालबागचा पत्ता लिहिलेला. मी दारात उभा राहिलो आणि त्यांच्या महागुजरातच्या नावाने आवाज दिला. उच्चार चुकला असेल, पण खोके उचलले गेले.

चौघे ते घेऊन गोदामभर चालत गेले. कोणी एक शब्द बोलले नाही. चारही कोपरे टेकले, जेठाभाईंनी मान हलवली आणि उत्तर आले.

सगळ्यांत आधी हात वर गेला तो माझा. माझ्या हातात खोके नव्हते म्हणून बरे.

आपला,
श्यामकांत